एक मीटर, दोन चुली

प्रभाकर भुवडांना त्या सूचनेतून मिळण्यासारखं बरंच होतं, आणि चहा निवायच्या आत त्यांनी ते जोखूनही पाहिलं. सरकारी वकील फुकट. ग्रामसभेत पुढच्या रांगेत खुर्ची. गावकीच्या कुठल्याही कामात आपल्याला डावललं तर थेट जिल्ह्यावर दाद. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, गावात कोण कोण आपल्याशी वाईट वागलं हे सरकार स्वतः शोधून काढणार. त्यासाठी माणूस एरवी जन्मभर झुरतो आणि शेवटी बायकोला सांगून गप्प बसतो.

एकच गोष्ट जमेच्या बाजूला बसेना. आपल्याला वाळीत टाकलंय, हे मोबाइल वाजेपर्यंत प्रभाकरांना माहीतच नव्हतं.

'मौजे तळेकोंड येथील आपल्या घरास सामाजिक बहिष्काराची बाधा झाल्याचे दिसून येत आहे. आपले हक्क अबाधित आहेत. पंधरा दिवसांत ग्रामसभेत जाहीर सुनावणी होईल.' त्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

"वाळीत? आपल्याला?" सुरेखानं चुलीपुढून विचारलं. "सकाळी तर पाडाव्यांची सून विरजण घेऊन गेली."

"वरवर वागत असतील."

"विरजण वरवर कसं नेतात?"

 सरकार काही उगाच सूचना पाठवत नाही, असं म्हणून प्रभाकरांनी सदरा चढवला आणि गावात आपल्याला कोण टाळतंय ते बघायला बाहेर पडले.

वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा जुनाच. पण त्याखाली तक्रार करायची तर साक्षीदार लागायचा, आणि ज्याच्याशी गावात कुणी बोलत नाही त्याला साक्षीदार कोण मिळणार? ती अडचण 'धागा' नावाच्या यंत्रणेनं सोडवली. कल्पना अगदी साधी होती. माणसामाणसांतल्या येण्याजाण्याच्या खुणा कुठेतरी उमटतातच. कुणाचे फोन कुणाला किती झाले, गिरणीत, दुकानात, डेअरीत कोण गेलं, वडापच्या, माणशी भाड्याच्या रिक्षात कोण कुणाबरोबर बसलं. 'धागा' बोलणं ऐकत नाही. बोलणं झालं की नाही एवढंच मोजतो. गणित करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. माणसं आपोआप दुरावतात तेव्हा ती जुन्या सुंभासारखी झिजतात. आज एक पीळ सुटतो, महिन्यानं दुसरा, एखादा चिवट तर मरेपर्यंत टिकतो. ठरवून तोडलेलं मात्र कोयत्यानं कापल्यासारखं दिसतं. सगळी टोकं एकाच दिवशी, एकाच रेषेत. यंत्र फक्त तो कोयत्याचा घाव शोधतं. घाव कुणी घातला ते सांगत नाही.

कायदा करणाऱ्यांनी त्याला दोन अटी घातल्या होत्या. पहिली, सूचनेत माणसाचं नाव घालायचं नाही, फक्त घर सांगायचं. नाहीतर ज्याला वाळीत टाकलंय त्याच्याच दारात गाव काठ्या घेऊन जायचं. दुसरी, यंत्राला जे दिसलं आणि ते तसं का वाटलं, ते सगळं ग्रामसभेत उघड वाचायचं. नुसतं 'यंत्र म्हणतं' असं म्हणून कुणालाही दोषी धरायचं नाही आणि कुणाला सोडायचंही नाही.

प्रभाकर दुपारपर्यंत गावभर फिरले आणि जास्तच गोंधळून घरी आले. गिरणीवाला हसला होता. आता हे हसणं रोजचंच की आजचं खास, ते काही कळेना. दुकानदारानं नेहमीप्रमाणे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. रिक्षावाल्यानं "काय काका, बरा ना?" विचारलं, तर त्यांना वाटलं, याला कसं कळलं बरं नसेल म्हणून?

"तुमचा चेहराच असा हाय की माणूस विचारणार," सुरेखा म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मात्र माणसंच घरी येऊ लागली. सूचना गेल्याची खबर गावात पोचली होती, आणि या गुन्ह्याला कैद असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. जो तो आपण वाळीत टाकणाऱ्यांतले नव्हे हे दाखवायला हातात काहीतरी घेऊन येई. कुणी वाफवलेली सांदणं आणली, कुणी सुके बांगडे. एक जण नुसताच आला, तासभर बसला आणि जाताना म्हणाला, "मी येऊन गेलो हां." मोबाइल मात्र तो मुद्दाम खिशात चालू ठेवून आला होता, म्हणजे यंत्राच्या नजरेतून निसटायला नको.

प्रभाकरांना हे सुख आजवर कधी मिळालं नव्हतं. पण गुदगुल्या होत असतानाच त्यांना एक शंका पोखरू लागली. सगळेच जर निर्दोष, तर मग टाकलं कुणी?

चौथ्या दिवशी पाडावेअण्णा आले. अण्णा म्हणजे गावकीचे प्रमुख. ते कुणाच्या घरी जात नसत. लोक त्यांच्याकडे जात. ते ओटीवर बसले आणि सुपारी कातरत म्हणाले, "प्रभाकर, तुला कुणी वाळीत टाकलाय? नाव सांग. मी त्याला बघतो."

"नाव कुठं हाय माझ्याकडे? सरकार म्हणतं टाकलाय."

"सरकार मुंबईत. तू इथं. तुला वाटतं का तसं?"

"मला..." प्रभाकर अडखळले. खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. पण नाही म्हटलं तर पुढच्या रांगेतली खुर्ची गेली.

अण्णांनी त्यांचा चेहरा वाचला. पन्नास वर्षं गावकी चालवलेल्या माणसाला तेवढं जमतं. "यंदाच्या शिमग्याला," ते म्हणाले, "देवळातून पालखी निघताना पुढचा उजवा खांदा तुझा. तुझ्या आज्याचा मान गेला होता ना? घे परत. तू फक्त सभेत उभा राहून सांग, आमच्या घराला कुणी टाकलेला नाय. खराच तर हाय ता."

घरानं तसं सांगितलं की प्रकरण बंद होतं, हा नियम अण्णांना पाठ होता. प्रभाकरांना पालखीचा खांदा डोळ्यांपुढे दिसू लागला. खरं बोलल्याबद्दल मान मिळणार होता. याहून स्वस्त सौदा त्यांनी आजवर केला नव्हता.

सुनावणीआधी ग्रामविकास अधिकाऱ्यानं घरी येऊन सूचना समजावून सांगायची, असाही एक नियम होता. तळेकोंडला तेव्हा रुबीना मुकादम म्हणून बाई होत्या, खालच्या मोहल्ल्यातल्या. वयानं लहान, पण कुठल्याही गोष्टीची घाई न करणाऱ्या. त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि घराला एक फेरी मारून परत ओटीवर आल्या.

"मागच्या पडवीत कोण राहतं, भुवडकाका?"

"ती वेगळी."

"वेगळी म्हणजे?"

"आमच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ वारल्यावर चूल वेगळी केली तिनं. आमचा काही संबंध नाय."

"मीटर?"

"मीटर एकच. माझ्या नावावर."

रुबीनानं मान डोलावली. मग म्हणाल्या, "काका, यंत्र मीटरवरून घर मोजतं. नाव सांगायची मला परवानगी नाही, आणि मी सांगतही नाही. पण या घरात दोन चुली आहेत हे यंत्राला दिसतं. पुढच्या चुलीचे धागे धड आहेत. एवढंच सांगते. बाकी सभेत वाचीन."

त्या निघून गेल्या. सुरेखा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. 

मागच्या पडवीतल्या मालतीवहिनी पंचायतीच्या नळयोजनेवर पाणी सोडायचं काम करत. कुठल्या वाडीला किती वेळ, हे पंचायतीनं ठरवून दिलं होतं, सगळ्यांना सारखं. गावकीचं म्हणणं वेगळं होतं. आधी गावातल्या टाक्या भरायच्या आणि उरलं तर वर कातकरीवाडीला. गणपतीच्या सुमारास वहिनींना ते सांगण्यात आलं. वहिनी म्हणाल्या, "लेखी द्या." लेखी कोण देणार? त्यांनी वरच्या वाडीचा व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणं चालूच ठेवलं. मग देवळात गावकी बसली. काही लिहिलं गेलं नाही, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. आजपासून मालतीशी बोलायचं नाही, एवढंच ठरलं आणि हात वर झाले. प्रभाकरांनी हात अर्धाच वर केला होता. पण मोजणारा अर्धा हात पूर्ण धरतो.

त्या दिवसापासून एका छपराखाली पुढची चूल मागच्या चुलीशी बोलली नव्हती. गंमत अशी, की यातलं काहीही प्रभाकरांना 'वाळीत टाकणं' वाटलं नव्हतं. वाळीत टाकणं म्हणजे पेपरात येतं ते, दुसऱ्या गावातलं. आपल्याकडे गावकीचा निर्णय होतो.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "टाकलेलं घर आपलं, आणि टाकणारं पण आपलंच?"

"मला काय विचारता," सुरेखा म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत, जाऊबाईंशी बोलू नको. मी विचारलं होतं, किती दिवस? तुम्ही म्हणालात, बघू."

ते पुन्हा अण्णांकडे गेले. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग बरंच झाला की," ते म्हणाले. "मीटर तुझ्या नावावर, सूचना तुला आलीय. तू सांग, आम्हाला कुणी टाकलेला नाय. तुझी चूल, तुझं खरं. मागच्या चुलीनं तक्रार कुठं केलीय? तिला विचारायला कोण जाणार हाय?"

"आणि पुढं तिचं काय?"

"तिचं जसं चाललंय तसं. पाण्याला आपण दुसरा माणूस ठेवू."

प्रभाकर घरी परतले तेव्हा वहिनी पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. ते क्षणभर थांबले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी खाकरून घेतलं. वहिनींनी मान वर केली नाही. त्या खाकरण्याचा नेमका अर्थ काय होता, हे प्रभाकरांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. एवढी गर्दी तळेकोंडच्या ग्रामसभेला कधी झाली नव्हती. एरवी गणसंख्येसाठी वाटेवरच्या माणसांना हाताला धरून आणावं लागे. प्रभाकर पुढच्या रांगेत, ठरलेल्या खुर्चीवर. त्यांच्या शेजारी सुरेखा, आणि दोन हात पलीकडे मालतीवहिनी, कारण एका मीटरच्या सगळ्यांना रुबीनानं एकाच रांगेत बसवलं होतं. वरच्या वाडीतले कातकरी मागे भिंतीला टेकून उभे होते.

रुबीनानं वाचायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही.

"या घरात दोन चुली. एका चुलीचे गावातल्या जवळजवळ सगळ्या घरांशी असलेले धागे एकाच दिवशी तुटले. गिरण बंद, डेअरी बंद, फोन बंद, रिक्षात शेजारी बसणं बंद. तो दिवस देवळातल्या बैठकीनंतरचाच. आजार, भांडण, स्थलांतर यांपैकी काही कारण आहे का, हे तपासलं. खूण सापडत नाही. एक धागा मात्र तुटला नाही. वरच्या वाडीचा. तो उलट जाड झाला."

मागून कातकरीवाडीतला बारकू हिलम म्हणाला, "आमी बोलतो बाईशी. पन आमच्या वाडीत फोन एकच, तो पन फिरता. तरी दिसलो का मशीनला?"

"दिसलात," रुबीना म्हणाल्या. हॉलमध्ये थोडं हसू पसरलं आणि लगेच विरलं.

"आता घराचं निवेदन. मीटर भुवडकाकांच्या नावावर आहे. काका, बोला."

प्रभाकर उठले. अण्णा समोर मान हलवत होते. वाक्य तयार होतं, शिवाय खरंही होतं. "आमच्या घराला," ते म्हणाले, "कुणी टाकलेलं नाय. सगळे बोलतात. सांदण आणतात."

"दुसऱ्या चुलीचं?"

"तिची काही तक्रार नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

प्रभाकर वहिनींकडे वळले. तोंड उघडलं. वहिनी दोन हातांवर बसल्या होत्या, त्यांच्याकडेच बघत होत्या. पण गणपतीपासूनची सवय जिभेला होती. शब्द त्या दिशेला जाईना. ते सुरेखाकडे वळले आणि अगदी घरात बोलतात तसे म्हणाले, "सुरेखा, सांग तिला, तक्रार नाय म्हणून सांग मॅडमना."

  रुबीनाला काही बोलायची गरजच उरली नव्हती. यंत्रानं जे एवढ्या गणितानं मांडलं होतं ते प्रभाकरांनी एका वाक्यात सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. आणि आपण नेमकं काय केलं, हे कळायला त्यांनाच सगळ्यात जास्त वेळ लागला. ते अजून सुरेखाच्या उत्तराची वाट बघत होते.

सुरेखा उठली. "मी नाय सांगणार," ती म्हणाली. "तुम्हाला काय बोलायचं ते तुम्ही बोला. मॅडम, आम्ही जाऊबाईंशी बोलणं टाकलं. मी टाकलं. त्यांना ताप आला होता, मागच्या चुलीवर पातेलं वाजल्याचं ऐकू आलं नाय, तरी मी उठले नाय. लिहून घ्या."

रुबीनानं समजावून सांगितलं, की कायद्यात दोन वाटा आहेत. मालतीबाईंची इच्छा असेल तर खटला, त्यात कैद. किंवा ज्यांनी टाकलं त्यांनी इथं, सभेत, उभं राहून कबूल करायचं आणि पुढं तसं न करण्याची हमी द्यायची. पण बैठक बोलावून हात वर करायला लावणाऱ्याची चौकशी दोन्ही वाटांनी होणार. निवड मालतीबाईंची.

वहिनींनी मग विचारलं, "यांनी कबूल केलं, म्हणजे मी यांच्याशी बोलायलाच पाहिजे का?"

"नाही."

"मग कबूल करू दे."

माणसं एकेक करून उठली. काही मोठ्यानं बोलली, काही अशी पुटपुटली की रुबीनानं पुन्हा बोलायला लावलं. विरजण नेणारी सून रडली. एक जण म्हणाला, मला नक्की काय कबूल करायचं तेच कळत नाय, मी तर नुसता गप्प होतो. रुबीना म्हणाल्या, तेच. प्रभाकर सगळ्यात शेवटी उठले. त्यांनी या खेपेला वहिनींकडे बघून, "टाकलं," एवढंच म्हटलं. त्यांचा आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला.

पाडावेअण्णा उठलेच नाहीत. त्यांची चौकशी लागली, आणि ती संपेपर्यंत गावकीचं प्रमुखपद रिकामं राहिलं. त्या शिमग्याला पालखी निघाली तेव्हा पुढच्या खांद्यासाठी कुणी भांडलं नाही. वहिनींच्या पडवीपुढे ती थांबली. वहिनींनी ओटी भरली आणि आत गेल्या. कातकरीवाडीचं पाणी ठरल्या वेळी येत राहिलं.

मग गोंधळ वेगळ्या बाजूनं सुरू झाला. आता मालतीवहिनींशी सगळे बोलू लागले. इतके, की त्यांना ते झेपेना. कोण मनापासून बोलतंय आणि कोण हमी पाळतंय, हे त्यांना ओळखता येईना; बोलणाऱ्यांनाही ते नीट सांगता आलं नसतं. त्या दुपारी दार लोटून घेत. एकदा त्यांनी रुबीनाला विचारलं, "हे असं किती दिवस चालणार?" रुबीनानं प्रामाणिकपणे सांगितलं, की याचं उत्तर आपल्याकडे नाही. तुटलेलं दिसतं, जोडलेलं खरं आहे का, ते अजून कुणाला मोजता येत नाही.

सुरेखाशी वहिनी बोलू लागल्या, आधी तुटक, मग बऱ्यापैकी. प्रभाकरांशी नाही.

प्रभाकरांनी चार-सहा आठवडे वाट पाहिली. मग एका सकाळी ते पंचायतीत गेले.

"माझी तक्रार घ्या, मॅडम."

"काय झालं?"

"वहिनी माझ्याशी बोलत नाय."

"बाकी सगळे बोलतात ना तुमच्याशी?"

"बोलतात. ती पण बाकी सगळ्यांशी बोलते. मलाच सोडून."

"मग हा बहिष्कार नाही, काका. एका माणसानं एका माणसाशी न बोलणं, हा त्यांचा हक्क आहे."

"हक्क हाय, ता कळला." प्रभाकर टोपी हातात फिरवत उभे राहिले. "पण तिच्या हक्काचं तुम्ही एवढं बघितलंत. माझं कोण बघणार?"

रुबीनानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. नियमात याहून जास्त काही नव्हतं.

तेव्हा कुणी काय भरलं ते असं. सरकारचं एक प्रकरण निकाली निघालं, त्याला काही पडलं नाही. गावानं एक दुपार शरम भरली आणि बहुतेकांना ती स्वस्तातच पडली. अण्णांनी पद भरलं. सुरेखानं भरलं ते तिनं स्वतःहून, सगळ्यांआधी, म्हणून तिला काहीसं परतही मिळालं. कातकरीवाडीनं काही भरलं नाही. तिला फक्त तिचं होतं ते मिळालं. मालतीवहिनींचे गणपतीपासूनचे महिने मात्र कुठल्याच कलमाखाली परत येत नव्हते. ते त्यांनी एकटीनं, आगाऊ भरले होते. आणि प्रभाकर अजून भरतायत. रोज सकाळी पडवीच्या दाराशी उभे राहून ते म्हणतात, "वहिनी, येतो." पलीकडून काही येत नाही. मग थोडा वेळ थांबून ते जातात.